आतले गरम तणस

गेल्या पौषात, एका गुरुवारी पहाटे, गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याच्या पुढच्या एका गावात धनलाल नावाच्या शेतकऱ्याच्या म्हशीची शेपटी टोकाकडून वीतभर गळून पडली. म्हशीचे नाव चांदी. ती गाभण होती. गळालेला तुकडा गोठ्यात सापडला नाही.

मला फोन आला तेव्हा धनलाल यांनी ‘गळून पडली’ असे म्हटले नव्हते.

“डॉक्टर, आमच्या चांदीची शेपटी कापली.”

“कोणी?”

“कोन कापल? बाजूचा. खेमराज.”

“पाहिलं कोणी?”

“पाह्याले कायले पायजे? त्याच्याशिवाय कापनारा गावात हाय कोन?”

मी डॉक्टर नव्हतो. पशुधन पर्यवेक्षक होतो आणि जूनमध्ये निवृत्त झालो. लस टोचणे, जखमा धुणे, रेतन करणे, शिबिरात बोलणे आणि मोठे काही असेल तर गोंदियाहून खऱ्या डॉक्टरांना बोलावणे, एवढे माझे काम. पण आमच्या भागात ज्याच्या हातात सिरिंज तो डॉक्टर. सुरुवातीला मी ही चूक दुरुस्त करायचो. नंतर सोडून दिले. त्यात लोकांपेक्षा माझी सोय जास्त होती.

या नोकरीआधी मी काही वर्षे एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. तिथल्या उपसंपादकाने दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, काय झाले आणि कधी झाले ते आधी लिही, बाकी रडगाणे नंतर. दुसरी त्यांनी शिकवली असे म्हणता येणार नाही, त्यांनी फक्त निरीक्षण नोंदवले. “तू सगळ्यांना सगळं विचारतोस,” ते म्हणाले होते, “जे विचारायला पाहिजे ते सोडून.” मी नोकरी बदलली. निरीक्षण लागू राहिले.

त्याच दिवशी मी गावात पोचलो. धनलाल पन्नाशी ओलांडलेले, उंच, आवाजाने मोठे. त्यांची पत्नी फुलवंताबाई चांदीच्या गळ्याखाली हात घालून उभ्या होत्या. भिंतीला भिंत लागून खेमराज यांचे घर. खेमराज हे धनलाल यांचे धाकटे चुलतभाऊ. दोघांच्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, मधल्या धुऱ्यावरून, त्या सामाईक बांधावरून, बरीच वर्षे वाद आहे. धुरा कोणी किती कोरला, हा वाद तहसील कार्यालयात आहे.

चांदीच्या शेपटीला पांढरा गोंडा होता, म्हणून तिचे नाव चांदी. असा गोंडा शुभ मानतात. तो नेमका गेल्यामुळे गावात दोन मते तयार झाली होती. एका मतानुसार खेमराज यांनी विळ्याने कापला. दुसऱ्या मतानुसार खेमराज यांनी विळ्याने कापला आणि करणी करायला नेला. गोठ्याबाहेर एक कुत्रा असायचा आणि तो त्या दिवशी समाधानी दिसत होता, ही बाब मी सोडून कोणी विचारात घेतली नाही. कुत्र्यावरचा संशय अखेरपर्यंत सिद्ध झाला नाही.

मी शेपटी तपासली. टोक काळे, कोरडे, चामड्यासारखे. रक्त नाही. विळ्याने कापले तर रक्त येते, हे मला कळले. मात्र त्यापुढचा विचार मी फार वेगाने केला.

“दोर आवळला असेल,” मी जाहीर केले. “रक्त बंद झालं, टोक वाळलं.”

धनलाल यांनी माझ्याकडे पाहिले. “शेपटीले दोर कोन बांधते जी?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, म्हणून मी इंजेक्शन दिले. आमच्या खात्यात उत्तर नसलेल्या प्रश्नाला इंजेक्शन देण्याची पद्धत आहे.

काही दिवसांनी दुसरा फोन आला. आता कानाच्या टोकांची कातडी वाळली होती आणि मागच्या डाव्या पायाचा खूर सुजला होता. चांदी तो पाय टेकत नव्हती. मी गेलो, पाहिले आणि सांगितले की थंडीमुळे झाले. गोंदिया जिल्ह्यात म्हशीचे कान थंडीने गळतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले, आणि तेही माझ्याच तोंडून.

धनलाल यांनी शांतपणे गोठ्याकडे हात केला. तिथे दोन गावठी गाई आणि एक म्हातारा बैल उभा होता.

“एकाच छपराखाली हायेत ना जी हे?”

“हो.”

“एकच थंडी, एकच पानी, एकच गव्हान. रोग असता तं सगळ्याइले झाला असता. थंडी असती तं थो बैल पयले मेला असता. माह्या चांदीलेच काऊन? जे चांगलं हाय तेच काऊन?”

इतका नेटका युक्तिवाद मी वार्ताहर असताना कोर्टातही ऐकला नव्हता. जे आजार मला माहीत होते ते गोठा बघतात, लाडकी म्हैस निवडत नाहीत. निवड करते ते माणूस. या हिशेबाने खेमराज दोषी ठरत होते.

“रविवारी मंदिराजवळ गाव बसनार हाय,” धनलाल म्हणाले. “त्याले शपथ घ्या लागल. नाई घेतली तं मंग पाहू.”

फुलवंताबाईंना रविवारशी काही देणेघेणे नव्हते. “खूर गेला तं थे उभी रायल का जी?” त्यांनी विचारले. “पोटात वासरू हाय.”

गाभण म्हैस उभी राहू शकली नाही, तर बसते. बसली की तिला कड बदलवावी लागते, अंगाखाली जखमा होतात आणि फार थोड्या पुन्हा उठतात. हे मला माहीत होते. मी त्यांना सांगितले की काळजी करू नका. मग बाहेर येऊन गोंदियाच्या डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी येते.

इथे बातमी थांबवून थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला वाटते की गाय-म्हैस चारा खाते आणि दूध देते. मधले काम दुसरेच कोणी करते.

जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटाला कोठीपोट म्हणतात. तिथे डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि वाळलेल्या काडीचे अन्न तेच करतात. म्हशीला स्वतःला तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पचवता येत नाही. ती फक्त चावून, भिजवून या मंडळींना पोचवते. म्हणजे आपण गव्हाणीत टाकतो तो चारा म्हशीचा नसतोच, तो त्यांचा असतो. ते खूश असले की म्हैस खूश. त्यांचे जेवण अचानक बदलले की संप.

असा एक संप मी सडक अर्जुनीला पाहिला होता. महामार्गावरच्या ढाबेवाल्याने लग्नाच्या ऑर्डरचा उरलेला भात आणि रोट्या एकदम आपल्या गाईला घातल्या. पोटात आम्ल झाले, गाय आडवी पडली. मी त्याला समजावले की भात-रोटीने पोटातले नको ते जंतू वाढतात आणि कामाचे मरतात.

“साहब, यही खाना ट्रकवाले रोज खाते हैं,” तो म्हणाला. “उनको तो कुछ नहीं होता.”

“त्यांना चार कप्प्यांचं पोट नसतं.”

“आपने अभी तक ड्राइवर को खाते देखा नहीं.”

गाय वाचली. ढाबेवाल्याचे मत बदलले नाही.

पोटाबाहेरही हीच मंडळी असतात. हिरवा मका कुट्टी करून, दाबून, हवा बंद करून ठेवला की हवेशिवाय जगणारे जंतू त्याला आंबट करतात. तो मुरघास. आंबटपणामुळे तो सडत नाही. हवा आत गेली की बुरशी येते आणि सगळा माल फेकावा लागतो. चांगला मुरघास नाकाने ओळखतात. दह्यासारखा, किंचित गोडसर वास आला की पास. चोरखमाऱ्याच्या बाजूला मी एका शिबिरात सगळ्यांसमोर पिशवी उघडली, वास घेतला आणि “उत्कृष्ट” म्हणालो. पहिल्या रांगेतल्या बायकांनी तोवर पदर नाकाला लावला होता. हिवाळाभर माझे नाक चोंदलेले असते. ही माहिती मी शिबिरात दिली नव्हती. चांदीच्या गोठ्यात दोनदा जाऊनही मला काहीच वास आला नाही, त्याचे कारणही तेच.

आता पुन्हा चांदीकडे.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या आधी पोचलो. धुके होते, थंडी होती. गोठ्याला लागून तणसाचा मोठा ढीग होता, त्यावर निळी ताडपत्री. ही ताडपत्री माझ्याच शिबिरात वाटलेली. ‘चारा झाका, चारा वाचवा’ हे भाषणही माझेच. ढिगाच्या एका बाजूला, जिथून रोज तणस उपसतात, तिथे खोबण झाली होती. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी त्या खोबणीत बसलो. फुलवंताबाईंनी चहा आणून दिला.

बसल्यावर बरे वाटले. फारच बरे वाटले. चहा संपेपर्यंत खालून अशी ऊब येऊ लागली की उठवेना. उतारवयात सरकारी नोकराला अशी आसने क्वचित मिळतात. मी जरा आत सरकलो. अजून गरम. मग माझ्या मनात पहिल्यांदा योग्य प्रश्न आला, आणि तो डोक्यातून आलेला नव्हता.

कोरडे तणस गरम नसते. ते मेलेले असते. गरम असेल तर आत कोणी तरी जिवंत आहे आणि काम करते आहे.

मी उठलो. पॅंटची मागची बाजू काळी झाली होती. खोबणीत हात घातला. कोपरापर्यंत गेल्यावर तणस ओलसर लागले, मऊ. मूठभर बाहेर काढले तर राखेसारखी पूड उडाली आणि मला सलग शिंका आल्या. काड्यांवर काळे-गुलाबी ठिपके होते.

“बाई, हे कोण खातं?”

“आतलं?” फुलवंताबाई म्हणाल्या. “आतलं चांदीलेच देतो जी. बाकीच्याइले वरचं. वरचं उन्हानं कडक होते, मातकट रायते. गाई-बैलाचं चालते. चांदी गाभन हाय ना? थंडीचे दिवस. आतलं मऊ रायते, गरम रायते. मी सकारी उठून पयले तिलेच काढून आनतो.”

एकच छप्पर, एकच पाणी, एकच गव्हाण. चारा मात्र एक नव्हता. दोन भेटींत मी शेपटीबद्दल, दोराबद्दल, विळ्याबद्दल, खेमराजबद्दल, कुत्र्याबद्दल विचारले होते. म्हैस काय खाते हे विचारले नव्हते, कारण तणस खाते हे मला माहीतच होते.

कार्तिकात धान कापणीच्या वेळी ढग आले होते. धनलाल यांनी हार्वेस्टर लावला. बांधीत ओल होती, पाऊस येणार म्हणून तणस ओलेच गोळा केले, घाईने रचले आणि वरून माझी ताडपत्री घट्ट बांधली. बाहेरचा थर वाऱ्याने सुकला. आतली ओल कुठे जाणार? ती आत राहिली आणि बुरशीला घर मिळाले. काही बुरशींचे विष जनावराच्या बारीक रक्तवाहिन्या आवळते. शरीराच्या टोकांपर्यंत रक्त पोचत नाही. शेपटी, कान, खूर. टोक वाळते, गळते. भातपट्ट्यात म्हशींना हिवाळ्यात होणारा हा आजार आहे. त्याला देगनाला म्हणतात. पुस्तकात तो मी वाचला होता. परीक्षेत त्यावर लिहून गुणही मिळवले होते.

मी हे फुलवंताबाईंना थोडक्यात सांगितले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे मीच चारलं का जी?”

मी काही बोललो नाही. वृत्तपत्रात याला ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ असे लिहितात.

मॅडम आल्या. तरुण, गोंदियात वाढलेल्या, अर्ध्या हिंदीत बोलणाऱ्या. त्यांनी खूर पाहिला, कान पाहिले, मग ढिगाकडे जायच्या आधीच थांबून वास घेतला.

“ये सड़ा हुआ चारा कौन खिला रहा है? सर, तुम्ही इथे आधी येऊन गेलात ना?”

“दोनदा.”

“वास नाही आला?”

“सर्दी आहे.”

त्यांनी माझ्या पॅंटकडे पाहिले, पण काही विचारले नाही. सलाइन झाले, इंजेक्शन झाले, पाच क्षारांची पूड लिहून दिली, खूर लाल औषधाच्या कोमट पाण्याने धुऊन पट्टी बांधली. मग त्यांनी धनलाल यांना समोर उभे केले.

“भैया, दवा से ज्यादा जरूरी बात सुनो. हे तणस बंद. आजपासून. एक काडी नाही. हेच खात राहिली तर खूर जाणार. चारा बदलला तर वाचू शकते. गॅरंटी मी देत नाही.”

“मंग खाऊ काय घालू?” धनलाल म्हणाले.

“सुखा चारा. गावात कुणाकडे तरी असेल.”

फुलवंताबाईंनी भिंतीपलीकडे पाहिले.

त्या वर्षी गावात जवळपास सगळ्यांनी हार्वेस्टर लावला होता. खेमराज यांनी लावला नव्हता. तत्त्व वगैरे काही नव्हते. त्यांच्या बांधीपर्यंत हार्वेस्टर जायला वाट धनलाल यांच्या बांधीतून होती आणि ती त्यांना मिळाली नाही. म्हणून त्यांनी मजूर लावून हाताने कापले, पेंढ्या बांधल्या, पाऊस उघडल्यावर वाळवले, उशिरा चुरून दाणे काढले आणि तणस उंच लाकडी मचाणावर रचले. गाव त्यांना हसले होते. आता गावात खात्रीचे कोरडे तणस त्या एका मचाणावर होते.

मी मध्यस्थी करायला गेलो. खेमराज अंगणात दोर वळत बसले होते. चांदीसाठी कोरडे तणस हवे आहे, हा निरोप मी सांगितला.

“शेपटी कापनाऱ्याच्या घरचं तनस चालते का चांदीले?” त्यांनी विचारले.

“तुम्ही कापली नाही हे आता कळलं आहे.”

“तुमाले कळलं. तुमी सांगतलं तं होतं का दोर आवळला म्हून. मंग सांगतलं थंडीनं झालं. आता म्हनता बुरशी. परवा काय म्हनसाल जी?”

हा मुद्दा ग्राह्य होता.

“मले तनस द्याले काई नाई,” ते म्हणाले. “पन मांगनारानं मांगावं. पूर्ण गावात मले चोर केलं अन आता निरोप धाडते. त्यानं यावं.”

मी परत येऊन सांगितले. धनलाल म्हणाले, “मी नाई जात.” शनिवार तसाच गेला. चांदीला धुऱ्यावरचे थोडे गवत आणि भिजवलेली डाळीची चुनी मिळाली. तेवढ्याने म्हशीचे पोट भरत नाही. संध्याकाळी ती बसली. फुलवंताबाई, धनलाल आणि मी तिघांनी मिळून तिला उठवले. माझा वाटा मुख्यतः सूचना देण्याचा होता.

रविवारी मंदिराजवळ गाव जमले. खेमराज आले होते. मी पोत्यात आतले तणस घेऊन गेलो होतो आणि भाषण तयार केले होते. त्यात सूक्ष्मजीवांचा इतिहास, उपयुक्त आणि अपायकारक असे प्रकार, कोठीपोटाची रचना आणि शेवटी एकोप्याचे आवाहन असा क्रम होता. मी दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचलो.

“म्हंजे लहान किडा शेपटी कापते का जी?” पारावरच्या एका म्हाताऱ्याने विचारले.

“किडा नाही बाबाजी, बुरशी. आणि कापत नाही. तिचं विष रक्त अडवतं. शरीराचं जे टोक लांब, तिथं रक्त पोचत नाही. मग ते टोक वाळून गळतं.”

“कोनतं टोक?”

“शेपटी, कान, खूर.”

“तेवढंच ना?” मागून कोणी तरी विचारले. “नाई, ढिगावर तं आमी बी झोपतो.”

सभा हसली. हसणे थांबेना, तेव्हा मी भाषण सोडून दिले आणि पोते उलटे केले. काळी पूड उडाली. पुढचे लोक मागे सरकले.

“हे धनलालजींच्या ढिगातलं आहे,” मी म्हणालो. “ज्यांनी ओलं तणस रचलं असेल, त्यांनी घरी जाऊन ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा. गार लागलं तर ठीक. गरम लागलं तर तुमच्याकडेही हेच आहे.”

मग एक जण उठला आणि धोतर सावरत निघाला. त्याच्यामागे दोघे. मग पारावरचा म्हातारा. मग बायका. थोड्याच वेळात गल्लीगल्लीतून ताडपत्र्या ओढल्याचा आवाज येऊ लागला. एका घरातून “गरम हाय वं!” अशी हाकही ऐकू आली. शपथेसाठी आणलेला नारळ पारावर तसाच राहिला. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि पुन्हा बोलावली गेलेली नाही.

मागे राहिलो आम्ही तिघे. धनलाल, खेमराज आणि मी. घरे एकाच दिशेला असल्यामुळे चालूही एकाच दिशेने लागलो.

“डॉक्टर, माह्यावरचा खटला उठला का जी?” खेमराज यांनी मला विचारले.

“खटला चालवणारेच उठून गेले.”

थोडे चालल्यावर ते धनलाल यांच्याकडे न पाहता म्हणाले, “दादा, चांदीले आज काय घातलं?”

“धुऱ्यावरचं गवत.”

“कोनाच्या धुऱ्यावरचं?”

धनलाल थांबले. मला वाटले, आता पुन्हा तहसील. पण ते पुढे चालू लागले. बरेच अंतर गेल्यावर म्हणाले, “तुह्यं तनस कोरडं हाय म्हनतेत.”

“म्हनतेत नाई. हाय.”

यापुढे वाटाघाटी गेल्या नाहीत. धनलाल यांना मागता येईना आणि खेमराज यांना न मागता देता येईना. मी मध्ये बोलणार होतो. चार शब्द जुळवलेही होते. तेवढ्यात आम्ही अंगणाशी पोचलो. फुलवंताबाई खेमराज यांच्या मचाणाखाली उभ्या होत्या. हातात दोर होता आणि त्या खालच्या कडेचे तणस दोन्ही हातांनी ओढत होत्या. कोणाला विचारले नव्हते.

“फुला, काय करून राहिली तू?” धनलाल ओरडले.

“दिसून नाई राहिलं का? तुमी दोघं बसा मांगत. मले म्हैस हाय.”

खेमराज धावले. मला वाटले, भांडण होईल. “वहिनी, खालून ओढू नोको, मचान ढासळल!” ते म्हणाले. “सरक तिकडे. मी चढतो.” ते मचाणावर चढले आणि वरून तणस टाकू लागले. फुलवंताबाईंनी दोर पसरला. भारा झाला. तो फार मोठा झाला होता.

“दादाले म्हना उचलाले,” खेमराज वरून म्हणाले. “नुसतं पाह्याले पैसे लागत नाई म्हून उभा हाय काय?”

धनलाल यांनी भारा डोक्यावर घेतला. माफी मागितल्याचे मी ऐकले नाही. दिल्याचेही ऐकले नाही. माझे चार शब्द वापरले गेले नाहीत.

त्यानंतरचे जे निश्चित कळले ते असे. धनलाल यांचा ढीग दुसऱ्या दिवशी फोडला तेव्हा आतून वाफ निघाली. काळे तणस शेणखताच्या खड्ड्यात गेले. गावात आणखी अनेक ढीग गरम निघाले आणि लोकांनी ते पसरून वाळवले, काळे झालेले फेकले. आणखी दोन म्हशींचे कान वाळू लागले होते. त्यांचा चारा वेळेत बदलला आणि त्या तेवढ्यावर राहिल्या. माझ्या ताडपत्र्या गावाने धान्य झाकायला ठेवल्या. शिबिरात आता काय सांगायचे ते मी लिहून ठेवले. आधी वाळवा, मग झाका. तोवर माझी शिबिरे संपली होती.

बुरशीचे नाव मात्र अधिकृतरीत्या कळले नाही. तणसाचा नमुना मी स्वतः प्रयोगशाळेकडे पाठवला होता. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला होता, त्यामुळे वाटेत पूर्ण सडला. असा नमुना कागदी पिशवीत पाठवावा, असे मला कळवण्यात आले. हवा बंद केल्यावर ओल्या चाऱ्याचे काय होते, यावर मी बरीच वर्षे भाषणे देत होतो.

चांदीच्या मागच्या डाव्या खुराचे एक नख निघाले. उरलेले खूर वाचले. माघभर ती तीन पायांवर उभी राहिली. एकदा बसली तेव्हा तिला उठवायला खेमराज आणि त्यांची पत्नी दोघेही आले होते. धुऱ्याचा वाद तहसीलमध्ये चालू आहे. गेल्या तारखेला दोघे एकाच मोटारसायकलवरून गोंदियाला गेले.

चांदी चैत्रात व्याली. पारडी झाली. पहिला चीक फुलवंताबाईंनी गंजात भरून खेमराज यांच्या घरी नेऊन दिला. चीक मिळाल्याला खेमराज यांनी दुजोरा दिला आहे.